बेगमेची बारव

गाडी वेशीतून आत शिरली आणि आप्पांनी माझं मनगट धरलं.

"कुठं चाललाय हा?"

"हॉटेलात, आप्पा. आलंच."

"हॉटेल स्टँडाजवळ आसंल म्हणून मी आलो, नंदा. हा आत कुठं चाललाय?"

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी त्याला पुढं जायची खूण केली. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांच्या भिंती, मधून फरसबंदी रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला मोठा कमानीचा दरवाजा. दरवाज्यात लाल फेटे बांधलेले दोन दरवान उभे होते. गाडी थांबताच एकानं वाकून दार उघडलं. आप्पा उतरले, पण पुढं पाऊल टाकेनात. कमानीकडं बघत राहिले.

आप्पा त्याच महिन्यात एस.टी.तून निवृत्त झाले होते. आयुष्य कंडक्टरकीत गेलं. बहिरमकोट हे त्यांचं जन्मगाव. तटबंदीच्या आत वसलेलं, चारी दिशांना चार वेशी असलेलं जुनं गाव. माझ्या जन्माच्या आधीच आजी-आजोबा ते गाव सोडून लातूरला आले. त्यानंतर आप्पा तिथं कधी गेले नाहीत. बहिरमकोटच्या गाडीवर ड्यूटी लागली तर ती कुणाशी तरी बदलून घ्यायचे. मला वाटायचं, गरिबीत सोडलेलं गाव माणसाला नको वाटत असेल. मग वर्तमानपत्रात या हॉटेलावर पानभर लेख आला, फोटोंसकट. कोटातल्या चारशे वर्षांच्या महालात आता राजेशाही थाटात राहता येतं, वगैरे. मी पुण्यात बँकेत होते, हातात चार पैसे होते. म्हटलं, जिथून बाप पोतं डोक्यावर घेऊन निघाला, तिथं त्याला एक दिवस साहेबासारखं ठेवू. फोनवर मी एवढंच सांगितलं, "आप्पा, तुमच्या कोटात एक रात्र राहून येऊ." ते म्हणाले, "बरं. चल."

आत गेल्यावर एका मुलीनं आमच्या हातांना अत्तर लावलं, दुसरीनं वाळ्याचं सरबत दिलं. तिसरीनं एक जाड कागदाचं, सोनेरी अक्षरांचं पत्रक हातात ठेवलं. 'गुलरुख महालाचा इतिहास'. सुलतानानं आपल्या लाडक्या बेगमेसाठी हा महाल बांधला, इथल्या चौकात मैफली रंगायच्या, मागच्या बारवेत बेगम स्नानाला जायची. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"कुणाचा महाल?" आप्पा म्हणाले.

"गुलरुख बेगमेचा, सर," ती मुलगी हसून म्हणाली.

"ही सराय होती, बाई. मुसाफिरांची सराय. ह्या कमानींत बैल बांधायचे. निजामाच्या काळात तहसील कचेरी होती. मग काही वर्षं धान्याचं गोदाम. महाल कुठला?"

मुलीचं हसू तसंच राहिलं. "हो का, सर? किती छान!" ती म्हणाली आणि आमची खोली दाखवायला निघाली.

पण आप्पाच तिच्या पुढं चालत होते. ओसरीच्या टोकाला ती सांगायच्या आधीच ते डावीकडं वळले. खोलीत चार जणांना पुरेल असा पलंग होता, झिरझिरीत पडदे होते, उशाशी गुलाबाच्या पाकळ्या होत्या. नवीन लग्न झालेल्यांना ही खोली फार आवडते, असं मुलीनं सांगितलं. ती गेल्यावर आप्पांनी मान वर करून छताकडं बघितलं. लाकडी तुळईला ओळीनं लोखंडी कड्या होत्या.

"ह्या कड्यांना दोरी बांधून चादरी सोडायचे," ते म्हणाले. "दोन खाटांच्या मधी. बायांना आडोसा म्हणून."

"कुठल्या बायांना?"

"बाळंतिणींना. हा सरकारी जनाना दवाखाना होता, नंदा. गोदाम हलवलं आणि दवाखाना आणला. तुझी आत्या इथं नर्स होती."

मी पलंगाच्या कडेवर बसले.

आमच्या घरात आत्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. एवढंच माहीत होतं की आप्पांना एक मोठी बहीण होती, शिवकांता, आणि ती 'विहिरीत गेली'. लहानपणी खेळताना भांडण झालं की मावसबहीण म्हणायची, "तुझी आत्या विहिरीत गेली, का गेली विचार की घरी." मी विचारलं नाही. माझं लग्न जमताना मुलाकडच्या एका बाईनं हळूच तो विषय काढला होता. आई पटकन म्हणाली, "आमच्याकडं तसलं काही नव्हतं हो." तसलं म्हणजे काय ते मला तेव्हा कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, तसलंच काहीतरी असेल.

"ती विहीर इथलीच?" मी विचारलं.

"बारव आहे. मागच्या चौकात."

"आप्पा, आपण निघू या. लातूरला जाऊ परत. मला माहीत असतं तर..."

"तुला कुठून माहीत असणार? आम्ही कधी सांगितलं?" त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला सारला. "आलोय तर बघतो आता."

दिवस मावळायच्या सुमाराला सगळ्या पाहुण्यांना बारवेवर बोलावणं आलं. हॉटेलचा तो रोजचा कार्यक्रम होता, 'गुलरुखची संध्याकाळ'. वरच्या रुंद पायऱ्यांवर गाद्या-लोड मांडले होते, कोनाड्यांत पणत्या लावल्या होत्या. खाली पाण्यात कुठंतरी निळे दिवे सोडले होते, त्यामुळं सगळी बारव निळी दिसत होती. वेटर पेले घेऊन फिरत होते. मध्यावर एक पायरी गुळगुळीत संगमरवराची होती, बाकीच्या काळ्या दगडांत उठून दिसणारी. तिच्यावर गुलाब पसरले होते. बायका पाळीपाळीनं तिथं बसून फोटो काढून घेत होत्या.

आप्पा अगदी कडेला, भिंतीला टेकून बसले. त्यांची नजर त्या पांढऱ्या पायरीवरून हलत नव्हती.

मग अंगरखा घातलेला एक देखणा तरुण आला. सारंग त्याचं नाव. हॉटेलचा इतिहास पाहुण्यांना सांगणं हेच त्याचं काम. आवाज गोड, मराठी स्वच्छ, अधूनमधून उर्दू शेर. तो सांगायला लागला आणि खोटं कशाला बोलू, मीही ऐकत राहिले. गुलरुख बेगम कशी दिसायची, बारवेचं काम करणाऱ्या एका पाथरवटावर तिचं मन कसं जडलं, सुलतानाला कसं कळलं, पाथरवटाला तटाच्या भिंतीत कसं चिणलं.

"आणि मग," सारंगनं आवाज खाली आणला, "गुलरुख एकटीच इथं आली. याच पायरीवर उभी राहिली. तिनं एकदा तटाकडं पाहिलं, आणि प्रेमासाठी तिनं जीव दिला. आजही गावातले म्हातारेकोतारे सांगतात, या पायरीवरून एक स्त्री..."

"कोण म्हातारं सांगतं?"

आप्पा उभे राहिले होते. भर गर्दीच्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा तो आवाज बारवेच्या चारी भिंतींना लागून परत आला.

सारंग हसला. "काका, गावात सगळेच सांगतात."

"नाव सांग. एकाचं नाव सांग."

"काका, दंतकथेला नाव नसतं."

"मग मी नाव सांगतो." आप्पा पायऱ्या उतरायला लागले. मी त्यांच्या मागं धावले. ते त्या पांढऱ्या पायरीच्या वर थांबले आणि सगळ्यांकडं तोंड करून उभे राहिले.

"शिवकांता बिराजदार. माझी अक्का. बेगम नव्हती, नर्स होती. हा महाल नव्हता, बायांचा सरकारी दवाखाना होता. बहात्तरचा दुष्काळ होता. नळाला पाणी नव्हतं, पंप जळालेला. ह्या बारवेत अगदी तळाला पाणी राहिलेलं आणि ह्या संगमरवराच्या जागी होती ती जुनी पायरी हलत होती. अक्कानं मोठ्या डॉक्टरला सांगितलं, साहेब, पायरी सुटलीय, कुणीतरी पडंल. डॉक्टर म्हणाला, वर कळवलंय, मंजुरी येऊ द्या. अक्का पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मंजुरी काही आली नाही. त्या दिवशी पाणी आणणारा गडी आला नाही. आत एक बाई अडलेली, आणि दवाखान्यात हात धुवायला पाणी नव्हतं. अक्का स्वतः बादली घेऊन उतरली. पायरी निसटली."

कुणी हलत नव्हतं. वेटरसुद्धा ट्रे घेऊन जागच्या जागी उभे होते.

"तिला काढायला मी उतरलो. मिसरूड फुटलेलं पोरगं मी. तिच्या मुठीत बादलीची कडी होती. बोटं एक एक करून सोडवावी लागली. हे मी डॉक्टरला सांगितलं, फौजदाराला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी गावभर काय झालं? नर्सनं जीव दिला! का, तर पायरीचं नाव निघू नये. मंजुरी कुणी अडवली ते कुणी विचारू नये. बिनलग्नाची नोकरदार पोरगी, तिचं काहीतरी असणारच, म्हणाले. लोकांना तेवढंच पाहिजे असतं. माझी आई त्या दिवसापासून घराबाहेर पडली नाही. माझ्या बापानं गाव सोडलं. आरं, जीव द्यायला निघालेली बाई हातात बादली घेऊन जाती का?"

मी माझ्याच बापाकडं बघत होते. त्यांचं लग्न, माझा जन्म, माझं शिक्षण, एवढी सगळी वर्षं हा माणूस ती बादली धरून बसला होता, आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

मग टाळ्या वाजल्या.

आधी एक-दोन, मग सगळ्या पायऱ्यांवरून. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "काय लिहिलंय गं! एकदम शेवटी वळण देतात." आप्पांना काही कळेना. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. इतक्यात एक गोरटेला, जाडजूड गृहस्थ पुढं आला. त्यानं आप्पांचा हात हातात घेतला आणि त्यात एक नोट ठेवून मूठ मिटली.

"काका, काय ताकदीचा अभिनय! अंगावर काटा आला."

"हे काय?" आप्पा म्हणाले.

"असू द्या, असू द्या. कलावंताला दिलीच पाहिजे."

"ते नट नाहीत," मी ओरडले. "माझे वडील आहेत ते. खरं घडलेलं सांगतायत."

गृहस्थानं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. "अच्छा! तुम्हीसुद्धा आहात का यात?"

आप्पांच्या हातातून नोट खाली पडली. सगळ्या आयुष्यात मी त्यांना इतकं लहान झालेलं बघितलं नव्हतं.

मॅनेजर इनामदार यांनी आम्हाला त्यांच्या खोलीत नेलं. पन्नाशीचा, मृदू बोलणारा माणूस. दार लावून घेत म्हणाला, "सर, तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. आजचं जेवण हॉटेलतर्फे."

"जेवायला आलो नाही मी," आप्पा म्हणाले. "ती गोष्ट बंद करा."

"पण सर, ती बेगमेची गोष्ट आहे. तुमच्या भगिनींचा तिच्याशी काय संबंध?"

तेव्हा सारंग मध्ये बोलला. त्याला बहुधा वाटलं असावं, आपण समजूत काढतोय. "काका, खरं सांगू? बेगमेचा कुठं पुरावा सापडत नाही. हॉटेल सुरू करताना आम्ही गावात फिरलो, लोकांना विचारलं. या बारवेत एक बाई प्रेमापायी पडली, असं लोक म्हणाले. तेवढाच धागा होता. आम्ही फक्त काळ मागं नेला."

आम्ही फक्त काळ मागं नेला. किती सहज म्हणाला तो! पायरी दुरुस्त न करणाऱ्यांनी आपली कातडी वाचवायला एका पोरीच्या माथी लफडं मारलं. गावानं ते चवीनं चघळलं. आणि चाळीसेक वर्षांनी या लोकांनी तीच थुंकी उचलून तिला रेशमी कपडे घातले आणि पेल्याबरोबर विकायला ठेवली. पत्रकावरची ती सोनेरी बेगम म्हणजे माझी आत्या होती.

"उठा, आप्पा," मी म्हणाले. "या छपराखाली राहायचं नाही."

गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. आम्ही बॅगा घेऊन कमानीबाहेर आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. समोर बांगड्यांचं एक छोटं दुकान होतं. दुकानातली म्हातारी फळी लावता लावता थांबली आणि आप्पांकडं निरखून बघायला लागली.

"मघाशी आत वरडत व्हता त्यो तूच का रं?" ती म्हणाली. "भाईर पातूर ऐकू आलं. तू महारुद्र न्हवं? शिवकांता शिष्टरचा भाऊ?"

आप्पांनी मान हलवली.

"ये, आत ये. पोरी, तू बी ये. मी रहमतबी. तुला ठावं नसंल मी. तू शाळकरी पोरगं व्हतास तवा." तिनं आम्हाला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं, तांब्या पुढं केला. आप्पा पाणी प्यायले. तोवर ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी आत अडलेली बाई मी व्हते."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला.

"पहिलटकरीण. मरतेच आता म्हनून वरडत व्हते. शिष्टरनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला. म्हन्ली, रहमत, धीर धर, पानी घिऊन येते. गेली ती गेलीच. दवाखान्यातल्या आयाबाईनं मला सोडवलं तसंच. पोरगी झाली, शमीम. समोरच्या नगरपंचायतीत मेंबर हाय आता." तिनं पदरानं डोळे पुसले. "शिष्टरबद्दल गाव काय काय बोललं. मी म्हनायची, अरे ती माझ्यासाठी पान्याला गेलती. तर म्हनायचे, तू येनांत व्हतीस, तुला काय ठावं. बाईमानसाचं कोन ऐकतं?"

"हॉटेलवाल्यांनी विचारलं होतं का कधी?" मी विचारलं.

"इचारलं की! त्यो गोरा पोरगा, अंगरखावाला. दोन दिस येऊन बसला हितंच. टेप लावून. सगळं सांगितलं मी त्याला. बादलीचं, पायरीचं, डाक्टरचं. चा पिऊन गेला माझा."

मी आप्पांकडं बघितलं. रडतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

ती रात्र आम्ही रहमतबीच्या घरी काढली. सकाळी नाश्त्याच्या वेळेला आम्ही तिघं हॉटेलच्या कमानीत उभे राहिलो. मला आणि आप्पांना दरवानानं सोडलं. रहमतबीपुढं हात आडवा धरला.

"बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत, मावशी."

"भाईरची?" रहमतबी म्हणाली. "मेल्या, तुझी आय आत जल्मली हाय. हात काढ."

त्यानं हात काढला. सारंग ओसरीवर चहा पीत होता. रहमतबीला बघून उठून उभा राहिला.

"तू यांच्या घरी जाऊन ऐकलं होतंस," मी म्हणाले. "सगळं. बादली, पायरी. तुला माहीत होतं."

त्यानं आजूबाजूच्या टेबलांकडं बघितलं. "ताई, आपण आत बसून बोलू या का?"

"इथंच बोल. रोज संध्याकाळी मोठ्यानं सांगतोस ना? माहीत होतं की नव्हतं?"

"होतं," तो म्हणाला. आवाजात लाज नव्हती, थकवा होता. "पण ताई, तुम्हीच विचार करा. दुष्काळात एक नर्स पाणी आणायला गेली, पाय घसरून पडली. याची गोष्ट होत नाही. लोक इथं सुट्टीला येतात."

"पाय घसरून नाही. पायरी निसटून."

"तेच ते."

"तेच ते नाही!" माझा आवाज आप्पांसारखा झाला होता. "पाय घसरला तर चूक तिची. पायरी निसटली तर चूक ज्यानं ती दुरुस्त केली नाही त्याची. एवढाच फरक आहे, आणि तो दाबायला तेव्हाही तिला बदनाम केलं आणि आता तूही तेच करतोयस. त्यांनी निदान नोकरी वाचवायला केलं. तू कशासाठी करतोस? निळ्या दिव्यांसाठी?"

टेबलांवरचे चमचे थांबले होते. कालचा तो गृहस्थही होता. त्यानं मान खाली घातली. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

इनामदार धावत आले. त्यांनी आम्हाला चौकात नेलं. रात्रभर त्यांनी काहीतरी ठरवलं असावं. "सर, मी मालकांशी बोललो. बारवेपाशी तुमच्या भगिनींच्या नावाची पितळी पाटी लावायला त्यांची हरकत नाही. बेगमेची गोष्ट आमच्या जाहिरातीत आहे, ती काढता येणार नाही. पण पाटी लावू. मजकूरही तयार आहे." त्यांनी खिशातून कागद काढून वाचला, "'सिस्टर शिवकांता बिराजदार, जिने या वास्तूत रुग्णांसाठी जीव दिला.'"

मला क्षणभर वाटलं, आप्पा हो म्हणतील. एवढ्या वर्षांनी पितळेत कोरलेलं नाव मिळत होतं.

"पुन्हा वाचा," आप्पा म्हणाले.

इनामदारांनी वाचलं.

"जीव दिला," आप्पा हळू म्हणाले. "साहेब, ह्याच दोन शब्दांनी माझी आई मेली. तिनं जीव दिला नाही. तिला जगायचं होतं. पुढच्या महिन्यात ती मला सायकल घेऊन देणार होती. तिचा जीव गेला, कारण सांगूनसुद्धा कुणी पायरी बसवली नाही. असं लिहाल?"

इनामदार घुटमळले. "सर, ते जरा... पाहुण्यांच्या दृष्टीनं नकारात्मक होईल."

"मग राहू द्या."

"सर, विचार करा. मालक पुन्हा तयार होतील असं नाही."

"राहू द्या म्हणलं ना," आप्पा म्हणाले आणि रहमतबीला हात देऊन ओसरीवरून खाली उतरवलं.

त्यानंतर वर्षभर मी वर्तमानपत्रांना फोन केले, पर्यटनाच्या कचेरीत खेपा घातल्या. एकानं विचारलं, बेगमेच्या वंशजांची काही तक्रार आहे का. दुसऱ्यानं, ज्याच्या वर्तमानपत्रात तो पानभर लेख आला होता, फोन उचलणंच बंद केलं. मी चिडून आप्पांना सांगायची. ते ऐकून घ्यायचे, आणि एक दिवस म्हणाले, "आत त्यांची हद्द. बाहेर तर गावाची आहे ना?"

शमीमनं नगरपंचायतीत आत्याच्या नावानं पाणपोई बांधायचा ठराव आणला. विरोध झाला, हॉटेलमुळं गावाला धंदा मिळतो म्हणून. शमीम म्हणाली, पाणपोई बांधायला विरोध करणाऱ्यानं उभं राहून नाव सांगावं. कुणी उभं राहिलं नाही. कमानीच्या समोर, रस्त्याच्या कडेला, जिथून प्रत्येक गाडी आत वळते तिथं पाणपोई उभी राहिली. साधी, काळ्या दगडाची. वर आप्पांनी सांगितलेला मजकूर कोरला: 'शिवकांता बिराजदार, परिचारिका. बाळंतिणीसाठी पाणी आणायला गेली. सांगूनही पायरी दुरुस्त केली नव्हती.'

आप्पा दर उन्हाळ्यात तिथं जाऊन बसायचे. हॉटेलच्या पाहुण्यांचे ड्रायव्हर पाणी प्यायला यायचे, वाचायचे, विचारायचे. आप्पा सांगायचे. संध्याकाळी आतून सारंगचा आवाज यायचा, तो ऐकू येऊ नये म्हणून की काय, आप्पा आणखी मोठ्यानं सांगायचे. काही पाहुणे आत जायच्या आधी थांबायचे. एक-दोघांनी आत जाऊन इनामदारांना विचारल्याचंही कानावर आलं. बेगमेचा कार्यक्रम मात्र चालूच राहिला. आजही आहे. आप्पांना जाऊन आता तीन वर्षं झाली. शेवटच्या आजारपणातसुद्धा ते विचारायचे, "रांजण भरतायत ना?"

गेल्या उन्हाळ्यात मी तिथं गेले होते. रहमतबी पार वाकलीय, पण दुपारी दुकान सुनेवर सोपवून पाणपोईपाशी येऊन बसते. आम्ही बोलत असताना हॉटेलचा नवा मॅनेजर बाहेर आला, तरुण, टाय लावलेला. पाहुण्यांना कमानीचा फोटो काढताना मध्ये हे येतं, म्हणाला. हॉटेल स्वतःच्या खर्चानं स्टँडाजवळ याहून मोठी पाणपोई बांधून द्यायला तयार आहे. ही तेवढी हलवता येईल का?

रहमतबीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओगराळं रांजणात बुडवलं, पेला भरून त्याच्या हातात दिला. तो प्यायला. उन्हानं घसा सुकला असणार.

"हलवू की," ती म्हणाली. "आधी तुझी बेगम हलव."